सावित्रीबाईंचे मागे राहिलेले कागद

पुण्याची मुलींची पहिली शाळा, अंगावर पडलेले शेण नि दगड, पिशवीतले दुसरे लुगडे, ही सावित्रीबाई फुल्यांची हकीकत आपल्या मुलींना शाळेच्या पुस्तकामुळे पाठ असते. ती पुन्हा सांगून स्मरणिकेची जागा अडवीत नाही. मला सांगायचे आहे ते त्यांच्या हातच्या कागदांविषयी. त्या कवयित्री होत्या, आणि त्यांनी लिहिलेली पत्रेही शिल्लक आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक नसते.

आपल्या नगराचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनच्या बाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीरावांनी मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासमवेत त्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाई शिक्षिकेचे काम शिकल्या त्याही या फॅरारबाईंच्या नगरच्या शाळेत. फॅरारबाई १८६२ साली इथेच वारल्या.

१८५४ साली सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला. जन्म १८३१ चा, म्हणजे वय तेवीस. नवव्या वर्षी लग्न झाले तेव्हा अक्षरओळख नव्हती, ती घरीच नवऱ्याकडून झाली. त्या बाईचे चौदा वर्षांत छापील पुस्तक! त्यात फुलांवरच्या कविता आहेत, तशाच शूद्र-अतिशूद्रांनी शिकावे म्हणून तळमळीने सांगणाऱ्याही आहेत.

पण मला कवितांपेक्षा पत्रे अधिक आवडतात. जोतीरावांना लिहिलेली ती तीन पत्रे आहेत.

पहिले १८५६ सालचे, सातारा जिल्ह्यातल्या नायगावहून. हे त्यांचे माहेर. आजारपणामुळे त्या तिथे राहिल्या होत्या, आणि भाऊ मनापासून शुश्रूषा करीत होता. तोच भाऊ एके दिवशी म्हणाला, की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी काम करता म्हणून वाळीत पडलात, जातीच्या रूढीने वागावे. सावित्रीबाईंनी त्याला विचारले, की तू गाय-शेळीला कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग आपल्यासारखीच माणसे असलेल्यांचा विटाळ कसा मानतोस? भाऊ निरुत्तर झाला, आईच्या डोळ्यांत पाणी आले. पुण्यात आपल्यामागे एकट्या फातिमावर कामाचा बोजा पडत असेल, याचीही काळजी त्या पत्रात आहे. माहेरी आजारी पडून राहावे, भावाच्या हातचे औषध घ्यावे आणि त्यालाच तोंडावर खरे बोलावे, हे किती अवघड आहे ते बायकांना वेगळे सांगावयास नको. परक्याशी भांडणे सोपे असते.

दुसरे पत्र १८६८ चे, तेही नायगावचे. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांचे प्रेम जमले होते, आणि तिला दिवस गेले होते. गावाने दोघांना मारीत मारीत रस्त्याने चालविले होते. जीव घेण्याचीच भाषा होती. सावित्रीबाई धावत गेल्या, खुनाबद्दल इंग्रज सरकारचा कायदा काय करील याचा धाक घातला आणि लोकांना थोपविले. दोघांनी गाव सोडावे एवढ्यावर तडजोड झाली. मग त्यांनी दोघांना पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिले.

तिसरे पत्र १८७७ च्या एप्रिलमधले, ओतूरचे. आपल्या नगर-कल्याण रस्त्याने गेले की ओतूर लागते. त्या मोठ्या दुष्काळात नगर जिल्हाही होरपळला होता. बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामे नि सुकडी घरातल्या वडील बायकांच्या तोंडून आपण ऐकली आहे. हा दुष्काळ त्याहून भयंकर होता. लोक झाडाची पाने खात होते, गावे सोडून जात होते, आणि सावकार अशा वेळीही आपला डाव साधत होते. सत्यशोधक समाजाची माणसे मदतीला फिरत होती, त्यांतल्या पन्नास जणांना दंग्याच्या आरोपावरून धरले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावले. चांगल्या माणसांना का कोंडले, असे त्यांनी थेट विचारले. माणसे सुटली, वर कलेक्टरने ज्वारीच्या चार गाड्या पाठविल्या. पत्रात हे सर्व एखाद्या कारभाऱ्याने हिशेब कळवावा तसे लिहिले आहे. स्वतःची फुशारकी कोठे नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतःच टिटवे हाती धरले नि प्रेतयात्रेपुढे चालल्या. आजही अशा वेळी घरातली बाई मागे उभी असते! पुढे त्यांनी जोतीरावांचे चरित्र ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ या काव्यात लिहिले आणि १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद भूषविले.

त्यांचे हे लिखाण एकत्र वाचावयास मिळाले ते १९८८ साली. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादन केले आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ म्हणून छापले. पत्रे लहान आहेत, दुपारच्या निवांत वेळात तिन्ही वाचून होतात.

१८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. डॉक्टर झालेल्या यशवंतने गावाबाहेर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक पोर प्लेगने पडल्याचे कळताच सावित्रीबाई गेल्या नि पाठीवर घालून त्याला दवाखान्यात घेऊन आल्या. वय सहासष्ट. त्यातून त्यांनाही प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.