खडा उचलायला वाकलेला माणूस : विल्यम बर्चेल



गेल्या वर्षी आमच्या शाळेला एक छोटी कुंडी भेट मिळाली. कुंडीत वाळू, बारीक खडी आणि मधोमध चिकटलेले दोन राखाडी गोटे. ते गोटे म्हणजेच झाड आहे हे कळल्यावर सगळ्यांना इतके कौतुक वाटले, की प्रत्येक वर्गाने त्याला रोज पाणी घातले. महिन्याभरात झाड कुजले. चूक मुलांची नव्हती. त्याची माहिती आधी आम्ही मोठ्यांनीच करून घ्यायला हवी होती. उशिरा का होईना, ती मिळवताना आम्हाला विल्यम बर्चेल भेटले.

बर्चेल यांचा जन्म १७८१ साली लंडनजवळच्या फुलहॅम येथे झाला. वडिलांची रोपवाटिका होती, त्यामुळे झाडांची ओळख घरातच झाली. १८०५ साली ते सेंट हेलेना बेटावर गेले. व्यापार काही जमला नाही. मग तेथे त्यांनी शिक्षकाचे आणि पुढे वनस्पतितज्ज्ञाचे काम केले. जिच्याशी लग्न ठरले होते ती मुलगी बेटावर आली, पण तिने वाटेतच दुसऱ्याशी लग्न करण्याचे ठरवले होते. बर्चेल यांनी आयुष्यभर लग्न केले नाही.

१८१० साली ते दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनला पोहोचले. पुढच्या जून महिन्यात स्वतः आखणी करून बनवलेल्या बैलगाडीतून ते आतल्या प्रदेशात निघाले. गाडीत पुस्तके, चित्रकलेचे साहित्य आणि बासरीही होती. सोबत बहुतेक खोइखोइ लोक होते. वाटा, पाणी आणि जनावरे त्यांच्याच ओळखीची, म्हणून त्यांच्यावाचून हा प्रवास झालाच नसता. चार वर्षांत सुमारे सात हजार किलोमीटर प्रवास झाला आणि वनस्पती, बिया, कीटक, पक्षी असे पन्नास हजारांहून अधिक नमुने जमले. पांढऱ्या गेंड्याचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्यांनीच १८१७ साली प्रसिद्ध केले.

पण आमच्या कुंडीची गोष्ट १८११ च्या सप्टेंबरमधली. ऑरेंज नदीच्या दक्षिणेला, आजच्या प्रीस्का गावाच्या परिसरात, खडकाळ जमिनीवर त्यांना एक वेगळाच खडा दिसला. उचलायला गेले तर ती वनस्पती निघाली! रंग, आकार सारे आसपासच्या दगडांसारखे. बर्चेल यांनी तिचे चित्र काढले आणि जागा व तारीख टिपून ठेवली. अशा रूपामुळे ती गुराढोरांच्या आणि वन्य प्राण्यांच्या तोंडातून वाचत असावी, हेही त्यांनी लिहिले. त्या वेळी चार्ल्स डार्विन जेमतेम अडीच वर्षांचे होते!

त्या चित्रावरून हॉवर्थ यांनी १८२१ साली वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले. पुढे शंभर वर्षांनी, १९१८ साली, पोल इव्हान्स यांना प्रीस्काच्याच परिसरात तशी झाडे पुन्हा सापडली. १९२२ साली ब्राऊन यांनी या गटाला लिथॉप्स, म्हणजे दगडासारखे रूप असलेली, असे नाव दिले.

बर्चेल यांना मात्र हे पाहता आले नाही. त्यांच्या प्रवासवर्णनाचे दोन खंड निघाले, पुढचा खंड निघालाच नाही. १८२५ ते १८३० ते ब्राझीलमध्ये होते. तेथून आणलेल्या संग्रहाच्या नोंदी करण्यात उरलेले आयुष्य गेले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १८३४ साली मानद पदवी दिली, पण हवी तशी कदर झाली नाही ही खंत राहिली. १८६३ साली एकाकी अवस्थेत त्यांचे निधन झाले. बहिणीने वनस्पतींचा संग्रह क्यू उद्यानाला आणि कीटकांचा ऑक्सफर्डला दिला, म्हणून तो आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो.

आता आमच्याकडे दुसरी कुंडी आहे. माती थोडी, खडी जास्त. ऊन भरपूर, पावसाळ्यात मात्र आडोसा. या झाडाला एका वेळी बहुधा दोनच पाने असतात. त्यांच्या पोटात नवी जोडी तयार होते आणि जुन्या पानांतले पाणी पिऊन वाढते. तेवढे दिवस वरून पाणी अजिबात द्यायचे नाही. जुनी पाने कागदासारखी सुकली की मगच, तेही माती पूर्ण कोरडी पाहून. बी पेरल्यापासून फूल यायला तीन वर्षे किंवा जास्तही लागतात. पावसाळा सरल्यावर दोन पानांमधल्या फटीतून पिवळे किंवा पांढरे फूल येते आणि दुपारच्या उन्हात उमलते.

आमच्या झाडाला अजून फूल आलेले नाही. मुलांनी कुंडीशेजारी एक वही ठेवली आहे. पाणी कधी दिले, पान कधी फाटले, ते तारखेसह त्या वहीत लिहितात. बर्चेल यांनी एका खड्याकडे जसे पाहिले तसे पाहायला मुले शिकली, तर पहिल्या कुंडीचे नुकसान भरून निघाले असे आम्ही समजू. पालकांनी आणि विश्वस्तांनी शाळेत आल्यावर कुंडी जरूर पाहावी. फक्त, कृपया पाणी घालू नये!