अवधूत श्री नित्यानंद स्वामी, गणेशपुरी

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे ठिकाण अवधूत श्री नित्यानंद स्वामींच्या वास्तव्याने पावन झालेले आहे. दि. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी आणि गणेशपुरी एकाच ठाणे जिल्ह्यात होती. त्यामुळे स्वामी आपल्यालाही परके नाहीत. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी त्यांचे चरित्र आठवणे उचित होय.

स्वामींचा जन्म केरळात कोझिकोडच्या परिसरात झाला. जन्मदात्यांचे छत्र त्यांना लाभले नाही. एका गरीब जोडप्याने व पुढे ईश्वर अय्यर नावाच्या वकिलांनी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी त्यांना रामन म्हणत. तरुण वयातच त्यांनी घर सोडले व देशभर भ्रमण केले. १९२० नंतरच्या दशकात ते मंगळूर व कान्हनगड भागात होते. कान्हनगडच्या जुन्या किल्ल्याजवळ त्यांनी मजूर लावून खडकात गुंफा करवून घेतल्या. अंगावर लंगोटीखेरीज काही नसलेला हा साधू मजुरी कोठून देतो, असा संशय सरकारी अंमलदारांना आला, असे भक्त सांगतात. मजुरांना मात्र त्यांच्या कष्टाचे दाम चोख मिळत.

१९३६ च्या सुमारास स्वामी वज्रेश्वरीस आले आणि नंतर जवळच गणेशपुरीस स्थिर झाले. तेथे तानसा नदीचा काठ, गरम पाण्याची कुंडे आणि भीमेश्वर महादेवाचे जुने देऊळ होते. भोवती सारे रान. त्या देवळाशेजारी लहानशा जागेत ते राहू लागले.

स्वामी प्रवचन करीत नसत. तासन् तास निश्चल बसून असत. मुंबईहून मोठमोठे लोक दर्शनास येत, पण श्रीमंत आला म्हणून ते उठले नाहीत व गरीब आला म्हणून त्यांनी तोंड फिरविले नाही. पुढ्यात फळे, वस्त्रे, पैसे येऊन पडत. त्यांतले त्यांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. भीमेश्वराचे देऊळ व स्नानाची कुंडे दुरुस्त झाली, आसपासच्या पाड्यांवरील आदिवासी मुलांना पोटभर जेवण मिळू लागले. १९५६ साली भक्तांनी बांधलेल्या कैलास भवनात ते राहावयास गेले, तरी अंगावर तीच लंगोटी राहिली.

सन १९६१ च्या गुरुपौर्णिमेनंतर दोन आठवड्यांच्या आत, दि. ८ ऑगस्ट रोजी स्वामींनी देह ठेवला. गणेशपुरीस त्यांचे समाधिमंदिर आहे.

ज्याला स्वतःसाठी काहीच नको होते, त्याने देऊळ दुरुस्त करण्याचा व्याप का करावा, असा प्रश्न पडतो. विरक्ती म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. काम पुरते करावे, पण ते माझे असे म्हणू नये. आपल्या गावच्या देवळासाठी कोणी हजारो रुपये दिले, कोणी दोन दिवस अंगमेहनत केली. पाटीवर कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, यावरून मने दुखावू नयेत. दिलेले दान जसे हातातून सुटले, तसे मनातूनही सुटावे. स्वामींच्या चरित्रातून एवढे जरी आपण घेतले, तरी हा जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असे म्हणता येईल.

अशा या निःसंग महात्म्याच्या चरणी समस्त ग्रामस्थांचे कोटी कोटी प्रणाम.