व्लादिमिर लेनिन : धान्य आणि सत्ता

व्होल्गा नदीच्या कांठीं सिंबिर्स्क नांवाचें शहर आहे. आज त्यास उल्यानोव्स्क म्हणतात. तेथील हायस्कुलाच्या शेवटच्या परीक्षेस १८८७ सालीं व्लादिमिर उल्यानोव्ह नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा बसला होता. वडील त्या प्रांतांतील शाळांचे वरिष्ठ अधिकारी. ते आदल्याच वर्षीं वारले होते. परीक्षेच्या ऐन दिवसांत थोरल्या भावास फांशी दिल्याची वार्ता घरीं आली. भाऊ अलेक्सांद्र हा राजधानींत प्राणिशास्त्राचा अभ्यास करीत असतां झारच्या वधाच्या कटांत सांपडला होता. अशा स्थितींत मुलानें आपले पेपर लिहिले आणि सुवर्णपदक मिळविलें. त्यास विश्वविद्यालयांत जावयाचें होतें. राजद्रोह्याच्या भावास चांगलें शिफारसपत्र देणें म्हणजे हेडमास्तरानें आपल्या नोकरीशीं खेळणें होय. परंतु हेडमास्तर फ्योदोर केरेन्स्की यांनीं तें दिलें, आणि मनापासून दिलें. तीस वर्षांनीं रशियाचा मुख्य प्रधान याच हेडमास्तरांचा मुलगा होता, आणि त्याचें सरकार उलथून पाडणारा पुरुष म्हणजे तो पदक मिळविणारा विद्यार्थी. शाळेच्या वार्षिकांत लिहितांना ही गोष्ट आधीं सांगण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं.

विद्यार्थी आम्हांस अनेकदां विचारतात कीं, गिरण्या व शेतें मालकांचीं असावींत कीं सरकारचीं, हा प्रश्न अर्थशास्त्राचा. राज्य एकानें करावें कीं लोकांनीं, हा प्रश्न नागरिकशास्त्राचा. मग हे दोन प्रश्न एकत्र कां आणतां? पुस्तकांत त्यांचे धडे वेगळे असतात, हें खरें. परंतु लेनिनच्या चरित्रांत, विशेषतः त्याच्या शेवटच्या सात वर्षांत, ते वेगळे करूं म्हटलें तरी होत नाहींत. म्हणून त्याच्या तरुणपणाची हकीकत आम्ही थोडक्यांत आटोपतों.

कझान विश्वविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या चळवळीवरून त्यास कांहीं महिन्यांतच काढून टाकण्यांत आलें. घरीं अभ्यास करून १८९१ सालीं त्यानें कायद्याची परीक्षा दिली. पुढें मजुरांत प्रचार केल्याबद्दल तुरुंग, आणि १८९७ पासून १९०० पर्यंत सैबेरियांत हद्दपारी. तेथेंच नादेझ्दा क्रुप्स्काया हिच्याशीं त्याचा विवाह झाला. ही बाई पूर्वीं मजुरांच्या रात्रशाळेंत शिकवीत असे. नंतर बरींच वर्षें म्यूनिक, लंडन, जिनीव्हा असा परदेशवास. लेनिन हें त्यानें लेखनासाठीं घेतलेलें नांव. १९०८ च्या जुलै महिन्यांत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा दिवस संप केला, तेव्हां त्या संपाचें महत्त्व ओळखून त्याच वर्षीं त्यावर लिहिणाऱ्या परदेशी पुढाऱ्यांत लेनिन होता.

त्याचें मत असें होतें कीं, ज्याच्या हातीं गिरणी व जमीन, तोच खरा राजा. छापखाना धनिकाचा, सभागृह धनिकाचें, मग गरिबाच्या मताला किंमत ती काय? या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. झारच्या राज्यांत खाजगी मालमत्ता होती, व्यापार होता, आणि तरीही १९०६ पर्यंत लोकांची निवडलेली सभा अशी देशाला नव्हती. पुढें जी मिळाली तिचे हात बांधलेले होते. तेव्हां मालमत्ता असली कीं स्वातंत्र्य आपोआप मागून येतें, असेंही नव्हे.

१९१७ च्या मार्च महिन्यांत झारशाही कोसळली. नोव्हेंबरांत लेनिनच्या बोल्शेव्हिक पक्षानें केरेन्स्कीचें सरकार उलथून सत्ता घेतली. देशाची घटना बनविणाऱ्या सभेच्या निवडणुका आधींच ठरल्या होत्या, त्या झाल्या. स्त्रियांसह सर्व प्रौढांस मत होतें. बोल्शेव्हिकांस सुमारें चौथा हिस्सा मतें पडलीं. शेतकऱ्यांचा कैवार घेणाऱ्या दुसऱ्या एका समाजवादी पक्षास त्याहून पुष्कळ अधिक पडलीं. १८ जानेवारी १९१८ रोजीं सभा भरली, रात्रभर चालली, आणि पहाटे पहारेकरी थकले आहेत असें सांगून ती उठविण्यांत आली. सभासद परत आले तों दारें बंद. ती सभा पुन्हां भरली नाहीं.

बंदुकीच्या जोरावर सत्ता घेणारे इतिहासांत पुष्कळ झाले. त्यांतले बहुतेक खजिना व सैन्य ताब्यांत घेऊन थांबले. बाजारांतला वाणी आणि शेतांतला कुणबी आपला उद्योग करीत राहिला. लेनिन तेथें थांबला नाहीं. बँका १९१७ च्या डिसेंबरांतच सरकारजमा झाल्या. वर्तमानपत्रांतील जाहिराती हा सरकारचा मक्ता ठरला, म्हणजे विरोधी पत्रांचें उत्पन्न गेलें. पुढें तीं पत्रेंही बंद झालीं. १९१८ च्या जून महिन्यांत मोठे कारखाने सरकारचे झाले. धान्याचा खाजगी व्यापार हा गुन्हा ठरला, आणि शेतकऱ्याच्या कणगींतील धान्य घेण्यासाठीं शहरांतून हत्यारबंद तुकड्या खेड्यांत जाऊं लागल्या. शहरांत शिधापत्रकें निघालीं. त्यांचे वर्ग होते: अंगमेहनतीच्या मजुरास सर्वांत अधिक शिधा, पूर्वींच्या धनिक वर्गास सर्वांत कमी.

न्यायानें सांगावयाचें तर भुकेची सुरुवात लेनिननें केली नाहीं. महायुद्धानें रेल्वे व शेती आधींच मोडकळीस आणली होती. त्यावर यादवी युद्ध पेटलें आणि परदेशी सैन्यें किनाऱ्यांवर उतरलीं. परंतु उपाय असा निघाला कीं शेतकरी पेरणीच कमी करूं लागला. जें पिकेल तें जाणारच, मग पिकवावें कोणासाठीं? पेट्रोग्राडची वस्ती १९१७ सालीं वीस लाखांच्या वर होती, ती १९२० सालीं सुमारें सात लाखांवर आली. लोक खेड्यांत पळाले. जे राहिले ते पाठीवर पोतीं घेऊन चोरून धान्य आणणाऱ्यांच्या आधारानेंही जगले. ते पोतेंवाले नसते तर शहरें उपाशीं मेलीं असतीं, आणि कायद्यानें मात्र ते गुन्हेगार!

आतां अशा शहरांतल्या मजुराचा विचार करा. नोकरी देणारें सरकार, शिधा देणारें सरकार, खोली देणारेंही सरकार. कारखान्यांत निवडणूक होते ती बहुधा हात वर करून. समोर पक्षाचा माणूस बसला आहे. विरोधी उमेदवारासाठीं हात वर करावयाचा तर आपल्या मुलांची भाकरीच पणास लावावयाची. पूर्वीं मालकानें हांकलल्यास मजूर दुसऱ्या दारीं जाई. तेंही दार पुष्कळदां निष्ठुर असे, परंतु तें दुसरें असे. आतां सर्व दारें एकाचींच. मतपेटीची गुप्तता म्हणजे केवळ सोय नव्हे, हें येथें ध्यानांत येतें.

हें लेनिनच्याच माणसांनीं त्याला सांगितलें. पेट्रोग्राडजवळच्या बेटावर क्रोन्स्टाट नांवाचें आरमारी ठाणें आहे. तेथील खलाशी १९१७ च्या क्रांतीचे अग्रणी. १९२१ च्या मार्चच्या आरंभीं ते बंड करून उठले. गुप्त मतदानानें नव्या निवडणुका, मजूर व शेतकरी यांस भाषण व मुद्रण यांचें स्वातंत्र्य, समाजवादी कैद्यांची सुटका, सर्वांस सारखा शिधा, आणि पगारी मजूर न लावतां स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या जमिनीवर पूर्ण मोकळीक, ह्या त्यांच्या मागण्या होत्या. मत आणि भाकरी या दोन गोष्टी खलाशांनीं एकाच कागदावर मागितल्या, हें आम्हांस विशेष वाटतें. समुद्र गोठलेला होता. बर्फावरून फौज चालून गेली, दोहों बाजूंचे हजारों लोक पडले, आणि १८ मार्च रोजीं बंड मोडलें.

त्याच सुमारास मॉस्कोंत पक्षाचें दहावें अधिवेशन चालू होतें. तेथें लेनिननें दोन ठराव करून घेतले. पहिला असा कीं, धान्य लुबाडून नेणें बंद. शेतकऱ्यानें ठराविक कर धान्यांत द्यावा आणि उरलेलें विकावें. पुढें लहान दुकानें उघडलीं, लहान कारखाने भाड्यानें दिले गेले. मोठे उद्योग, बँका व परदेशी व्यापार मात्र सरकारनें ठेवला. खलाशांची अर्धी मागणी अशी मान्य झाली. दुसऱ्या ठरावानें पक्षांत गट करून विरोध करण्यास बंदी घातली. बाजार सैल केला म्हणूनच राज्याची गांठ अधिक घट्ट बांधली. दुसऱ्याच वर्षीं विरोधी समाजवाद्यांवर मॉस्कोंत खटला झाला, आणि कित्येक विद्वानांस जहाजांत बसवून देशाबाहेर पाठविण्यांत आलें. बाजार मोकळा झाला कीं राज्यही मोकळें होतें, असें मानणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं हें वर्ष अवश्य अभ्यासावें.

हा मनुष्य लोभी असता तर चरित्रकाराचें काम सोपें झालें असतें. १९१८ सालीं कचेरीनें त्याचें वेतन ५०० रूबलांवरून ८०० केलें, तेव्हां त्यानें तें करणाऱ्यास लेखी ठपका दिला. राहणी साधी, श्रम अपार. १९२१-२२ च्या दुष्काळांत सुमारें पन्नास लाख लोक दगावले; त्या वेळीं आपण ज्यांचा द्वेष करीत आलों त्या अमेरिकनांचें साहाय्य त्याच्या सरकारनें घेतलें, आणि ऐन भरांत रोज एक कोटीवर माणसें त्यांच्या अन्नावर जगलीं.

१९२२ च्या मे महिन्यांत त्यास पक्षाघाताचा पहिला झटका आला. वर्षअखेर दुसऱ्या झटक्यानंतर अंथरुणांतून त्यानें पक्षासाठीं टिपणें सांगितलीं. स्टालिनच्या हातीं फार सत्ता सांठली आहे, त्यास त्या जागेवरून काढावें, अशी सूचना त्यांत होती. मार्च १९२३ मध्यें वाचा गेली. २१ जानेवारी १९२४ रोजीं तो वारला. मे महिन्यांत विधवा क्रुप्स्कायानें तीं टिपणें पुढें केलीं. तीं प्रतिनिधींच्या गटांस निरनिराळीं वाचून दाखविण्यांत आलीं, छापण्यांत आलीं नाहींत. स्टालिन जागेवरच राहिला. पुढें ज्यांनीं त्यास विरोध केला, त्यांच्यावर गट केल्याचा आरोप आला, आणि त्यास आधार लेनिनच्याच १९२१ च्या ठरावाचा.

शेतकऱ्याची मोकळीक हीही पक्षानें दिलेली परवानगी होती, हक्क नव्हता. १९२९ नंतर ती काढून घेतली गेली. शेतें सक्तीनें सामुदायिक झालीं, धान्य पुन्हां उचलून नेलें गेलें, आणि १९३२-३३ सालीं लाखों माणसें उपासमारीनें मेलीं. त्याबद्दल प्रश्न विचारील अशी सभा त्या देशांत नव्हती. हेडमास्तरांचा मुलगा अलेक्सांद्र केरेन्स्की परदेशीं दिवस काढीत राहिला. तो १९७० सालीं न्यूयॉर्क येथें वारला. त्याच वर्षीं रशियांत लेनिनची जन्मशताब्दी साजरी झाली.