गणपत पाटील : हसणाऱ्या समाजाने माणसाला चिकटवलेलं सोंग

मराठी तमाशापट पाहिलेल्या कुणालाही गणपत पाटील हे नाव सांगावं लागत नाही. हनुवटीला बोट, लचकती मान, लांबवलेला बायकी सूर आणि टाळी. पडद्यावर हा माणूस आला की तंबूतलं थिएटर हशाने दणाणून जायचं. 23 मार्च 2008 रोजी ते गेले. आजच्या तरुणांपैकी अनेकांनी त्यांचे चित्रपट पाहिलेले नसतील, पण त्यांनी उभा केलेला ‘नाच्या’ आजही शिवीसारखा वापरला जातो. म्हणूनच आपल्या चळवळीतल्या मुला-मुलींनी त्यांचं आयुष्य समजून घ्यायला हवं.

गणपतरावांचा जन्म 1920 चा, कोल्हापुरातल्या एका गरीब घरातला. वडील लहानपणीच वारले. आई आणि भावंडांसाठी पोरवयातच मोलमजुरी करावी लागली. फुलं विकली, खाण्याचे पदार्थ विकले. त्या काळी कोल्हापुरात रामायणाचे खेळ होत. पोटाची धावपळ सांभाळून हा मुलगा हौसेने त्यात काम करी, आणि बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला सीता येई. तेव्हा पुरुषाने स्त्रीभूमिका करण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिकडे संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूची चर्चा घराघरांत होत होती आणि त्यांच्यासारखं नटण्याची खानदानी बायकांना हौस होती.

याच खेळांच्या काळात राजा गोसावी यांची ओळख झाली. त्यांच्यामुळे शालिनी सिनेटोनमध्ये नोकरी मिळाली, तीही सुतारकाम विभागात. म्हणजे हातात रंधा आधी आला, घुंगरू नंतर. मधूनमधून गर्दीतल्या भूमिका मिळत. ‘बाल ध्रुव’ या चित्रपटात ते असेच गर्दीत उभे राहिले. पुढे राजा गोसावींच्या मागोमाग मुंबई गाठली आणि तिथे ते रंगभूषा शिकले. मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये रंगभूषा साहाय्यक म्हणून काम केलं. 1947 मध्ये मास्टर विनायकांचं निधन झालं आणि गणपतराव पुन्हा कोल्हापूरला परतले. राम गबाले यांच्या ‘वंदे मातरम्’मध्ये आणि भालजी पेंढारकरांच्या ‘मीठभाकर’मध्ये छोट्या भूमिका मिळाल्या. सुतार, रंगभूषाकार, किरकोळ नट असा हा प्रवास कष्टकऱ्याचा होता.

कलाटणी मिळाली ती नाटकाने. ‘ऐका हो ऐका’ या ग्रामीण बाजाच्या नाटकात त्यांनी नाच्या रंगवला. मग जयशंकर दानवे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ मधली तशीच भूमिका लोकांनी डोक्यावर घेतली. ती पाहूनच ‘वाघ्या मुरळी’ या चित्रपटात त्यांना नाच्या म्हणून घेतलं गेलं. तमाशापटांची लाट आली तसा नाच्या आणि गणपत पाटील हे समीकरण पक्कं झालं. ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’, दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’, अशा कितीतरी चित्रपटांत प्रेक्षक त्यांची वाट बघत बसलेले असत.

पण नाच्या मुळात आला कुठून? पेशवाईत लावणीवर नाचायला बाई नसे, मुलगा असे. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. तमाशाच्या फडात पुढेही बराच काळ पुरुषच लुगडं नेसून उभे राहत. गौळणीतली मावशी तर आजही पुरुषच करतो. डोक्यावर पदर घेऊन कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालणारी ही मावशी तमाशातला सगळ्यात जुना विनोद आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथली पवळा बोर्डावर उभी राहिली, आणि तमाशातल्या पहिल्या स्त्री कलावंतांत तिचं नाव कायमचं कोरलं गेलं. पवळा महार समाजातली होती. तमाशा मुख्यतः जगवला तो महार, मांग, कोल्हाटी या जातींनी. लुगडं नेसून नाचणाऱ्या, मावशी होऊन हसवणाऱ्या आपल्या कितीतरी पूर्वजांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. रात्रभर ज्यांच्यावर शिट्ट्या वाजत, त्यांनाच सकाळी गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नसे.

गणपतराव या फडांच्या परंपरेतून आले नव्हते. ते नाटक-सिनेमातून नाच्याकडे वळले. तरीही फडातल्या कलावंताने पिढ्यानपिढ्या जे भोगलं, त्याचा एक हिस्सा त्यांच्याही वाट्याला आला. लोकांनी भूमिका आणि माणूस यांत फरक ठेवला नाही. पडद्यावर बायकी वागणारा हा माणूस घरी कर्ता पुरुष होता, नवरा होता, बाप होता, यावर लोकांचा विश्वास बसेना. कुचेष्टा घरापर्यंत पोचली. मुलांची लग्नं जमवतानाही बापाच्या भूमिकेची झळ लागली. दुसऱ्या प्रकारच्या भूमिका मिळेनात, कारण निर्मात्यांना त्यांच्याकडून तेच हवं होतं. ज्या हशाने घर चालत होतं, त्याच हशाने त्या घराची मान खाली घालायला लावली. 2010 मध्ये ‘नटरंग’ चित्रपट आला तेव्हा पैलवानी देहाच्या गुणाने नाच्या झाल्यावर काय काय सोसलं, ते पाहून लोक हळहळले. कोल्हापुरात जगून गेलेल्या एका खऱ्या नाच्यासाठी ती हळहळ फार उशिरा आली.

इथे आपण थोडं थांबून विचार केला पाहिजे. माणूस काय काम करतो त्यावरून त्याची जात ठरवायची, मग ती जात त्याच्या पोरांनाही चिकटवायची आणि त्याला दुसरं काही करूच द्यायचं नाही, हा खेळ आपल्याला नवा नाही. जातिव्यवस्थेने आपल्याशी हेच केलं. गणपतरावांच्या बाबतीत ते एका आयुष्यात घडलं, एवढाच फरक.

आपल्या चळवळीने तमाशाकडे कठोर नजरेने पाहिलं ते याच कारणाने. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न देऊ केलं आणि आमच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, ही हकीकत आपल्या वस्त्यांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी, डफ, संवाद, विनोद हे सगळं तमाशाचंच होतं, पण लोकांना जमवण्यासाठी त्यांनी कुणाच्या देहाची थट्टा केली नाही. हसायचं ते अंधश्रद्धेला, सावकाराला आणि भटजीला. विनोद तोच, रोख बदलला. हा बदल साधा नव्हता.

आता एक अवघड प्रश्न आपल्यालाच विचारायचा आहे. गणपतरावांना लोकांनी तृतीयपंथी समजलं, म्हणून आपण हळहळतो. पण तृतीयपंथी असणं हा अपमान का वाटावा? त्या घराला त्रास झाला तो या समजाने नव्हे, तर तसं असणाऱ्या माणसाला समाज माणूसच मानत नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नाल्सा’ खटल्यात तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि त्यासाठी आधार घेतला तो बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानातल्या समतेच्या आणि सन्मानाच्या कलमांचा. कागदावर हक्क आला. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत मात्र पुरुषाला साडी नेसवली की आजही हमखास हशा मिळतो. आपल्या जयंतीच्या स्टेजवरच्या प्रहसनांतही कधीकधी हाच सोपा मार्ग निवडला जातो, आणि समोर बसलेला एखादा हळव्या चालीचा मुलगा मान खाली घालतो. त्याच्याकडे बघून मित्र कोणतं नाव उच्चारतात, हे वेगळं सांगायला नको.

गणपतरावांची कला मोठी होती. नुसत्या साडीने किंवा टाळीने हशा येत नसतो. शब्द टाकण्याची नेमकी वेळ, नजर, चाल, आवाजातली चढउतार हे सगळं त्यांनी घासून घासून कमावलं होतं. सुतारकाम केलेल्या हातांची ती सफाई होती. त्या कलेला दाद देताना आपण हसायला हरकत नाही. पण पडदा पडल्यावर सोंग नटाच्या पेटीत परत गेलं पाहिजे. ते त्याच्या दारावर, त्याच्या लेकरांच्या कपाळावर चिकटवायचा अधिकार कुणालाच नाही.

यंदाच्या जयंतीला प्रहसन बसवाल तेव्हा संहिता वाचताना एवढंच तपासा : हसू कुणावर येतंय? जुलूम करणाऱ्यावर, की आधीच वाकवलेल्या माणसावर? कर्डकांच्या जलशाने याचं उत्तर फार पूर्वी दिलेलं आहे.

जय भीम!