तोफखान्यातला कालवेकार : प्रोबी कॉटली

दिल्लीतल्या अनेक घरांत नळाला जे पाणी येते, ते मुरादनगरजवळ गंगेच्या कालव्यातून घेतलेले असते. हा कालवा बांधणारा माणूस शिक्षणाने इंजिनिअर नव्हता. तो तोफखान्यातला अधिकारी होता.

प्रोबी कॉटली यांचा जन्म १८०२ साली इंग्लंडमध्ये झाला. १८१९ मध्ये ते बंगाल तोफखान्यात दाखल होऊन भारतात आले. १८२५ पासून यमुनेच्या जुन्या दोआब कालव्याच्या दुरुस्तीवर ते कॅप्टन रॉबर्ट स्मिथ यांच्या हाताखाली राबले. मध्येच भरतपूरच्या वेढ्यात लढून आले. कालव्याची विद्या त्यांना याच कामावर मिळाली.

१८३७-३८ च्या दुष्काळात दोआबात लाखो माणसे दगावली. तेव्हा कॉटलींची गंगा कालव्याची योजना कंपनी सरकारने मनावर घेतली आणि १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली. मुख्य कालवा ५०० किलोमीटरांहून लांब! पैसा तर अपुरा होताच, पण मोजणी करणारी, नकाशे काढणारी, बांधकामावर देखरेख ठेवणारी माणसे त्याहून अपुरी होती. इंग्लंडहून इतकी माणसे आणणे परवडणारे नव्हते.

मग माणसे इथेच घडवायचे ठरले. लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या पुढाकाराने १८४७ मध्ये, कालव्याच्या कामाशेजारीच, रुडकी येथे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. तिथे गोरे सैनिक आणि भारतीय तरुण दोघेही शिकले. वरच्या जागा मात्र बहुतेक गोऱ्यांकडेच राहिल्या. त्याच कॉलेजची आज आयआयटी रुडकी झाली आहे.

रुडकीजवळ सोलानी नदीवरून कालवा नेण्यासाठी भव्य जलसेतू उभारला गेला आणि ८ एप्रिल १८५४ रोजी पाणी सुटले. पुढे उणिवाही दिसल्या. उतार जास्त ठेवल्याने प्रवाह तळ खरवडू लागला. सर आर्थर कॉटन यांनी त्यावर कडक टीका केली आणि कालव्यात बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागल्या. कॉटली १८७१ मध्ये वारले.

मित्रहो, चूक कॉटलींच्याही हातून झाली. पण ती दुरुस्त करू शकणारी माणसे तोवर रुडकीत तयार होत होती. कामाबरोबर माणसेही घडवावीत, ती अशी उपयोगी पडतात.