संगीतसूर्य केशवराव भोसले

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. त्यामुळे ज्या वयात इतर मुले पाटी-पेन्सिल हाती धरतात, त्या कोवळ्या वयातच केशवरावांना 'स्वदेशहितचिंतक' या नाटक मंडळीत दाखल व्हावे लागले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' या नाटकात लहानग्या केशवने शारदेची भूमिका केली. वृद्ध श्रीमंताशी ठरविलेल्या विवाहामुळे दुःखी झालेली ती बालिका त्याने अशी काही उभी केली, की प्रेक्षकांचे डोळे पाणावत. या एका भूमिकेने त्याचे नाव सर्वत्र झाले.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे केशवरावांनी 'ललितकलादर्श' ही आपली स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. नाटक मंडळी चालविणे म्हणजे केवळ गाणे नव्हे. नट, तबलजी, सारंगीवाले, पेटीवाले, पडदे ओढणारे आणि स्वयंपाकी असा मोठा परिवार गावोगाव घेऊन जावा लागे. सर्वांचा मुक्काम एकत्र, जेवणाची पंगत एकत्र. त्यांच्यात कलह माजला, तर रात्रीचा प्रयोग रंगणे कठीण. गायक कितीही थोर असला, तरी तबलजीने लय सांभाळली नाही, तर त्याचे गाणे उभे राहत नाही. मंडळी टिकवायची तर हे ध्यानी ठेवणे भाग असे. केशवरावांची मंडळी नामांकित झाली. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांचाही त्यांना आश्रय लाभला.

केशवरावांचा आवाज उंच, धारदार आणि तेजस्वी होता. त्या दिवसांत ध्वनिवर्धक नव्हते. तरीही नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतील श्रोत्याला त्यांची तान स्पष्ट ऐकू येई. लोक त्यांना 'संगीतसूर्य' म्हणू लागले.

त्याच काळात नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हेही महाराष्ट्राचे लाडके गायक नट होते. त्यांचा स्वर मृदू आणि मधुर होता. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या 'गंधर्व नाटक मंडळी'चे ते आधारस्तंभ होते. साहजिकच रसिकांत दोन पक्ष पडले. कोणी केशवरावांच्या तानेवर लुब्ध झाले, तर कोणी बालगंधर्वांच्या माधुर्यावर. आपलाच गायक श्रेष्ठ, असे म्हणून लोक हिरिरीने वाद घालीत.

अशा स्थितीत देशकार्याची हाक आली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले होते. त्यांच्या स्मरणार्थ 'टिळक स्वराज्य फंड' सुरू झाला आणि एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प महात्मा गांधींनी देशापुढे ठेवला. या निधीसाठी केशवराव आणि बालगंधर्व या दोघांनी एकाच नाटकात काम करावे, असे ठरले. नाटक होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान'.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. दोघेही आपापल्या मंडळीत पहिल्या मानाचे गायक. एकाचे पद अधिक रंगले, तर दुसऱ्याचे उणे ठरण्याचा धोका. प्रत्येक गायकाची सुरांची पट्टी वेगळी असते आणि साथीदारांना ती सांभाळून घ्यावी लागते. गायकानेही समोरच्याचे पद चालू असता संयम राखावा लागतो. शिवाय दोघांच्या चाहत्यांनी नाट्यगृहाला आखाडा बनविले असते, तर कलेची आणि कार्याचीही हानी झाली असती. आजवर मिळविलेला लौकिक एका रात्रीत पणाला लागणार होता. तरीही दोघे मागे सरले नाहीत.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. केशवराव शूर पण निर्धन सैनिक धैर्यधर झाले आणि बालगंधर्व धनवानाची कन्या भामिनी. भामिनी प्रथम धैर्यधराला गरीब म्हणून तुच्छ लेखते. पुढे त्याचे गुण जवळून पाहिल्यावर तिचा अभिमान गळून पडतो. मानाचा हट्ट सोडल्यावर खरी योग्यता दिसते, हेच त्या नाटकाचे सार आहे. रंगभूमीवरील त्या दोन थोर गायकांनीही त्या रात्री तेच करून दाखविले. एकाचा तेजस्वी सूर आणि दुसऱ्याचा मधुर सूर एकमेकांवर मात करण्यासाठी नव्हे, तर एकच नाटक रंगविण्यासाठी लागले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात तो प्रयोग अविस्मरणीय ठरला.

परंतु दैवाची गती निराळीच होती. त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत, तोच केशवराव विषमज्वराने आजारी पडले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. त्यांच्या मागे बापूराव पेंढारकर यांनी 'ललितकलादर्श'ची धुरा वाहिली. पुढे कोल्हापूरच्या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव देण्यात आले.

केशवरावांच्या अंगी असामान्य गुण होते. एकट्याने गाऊन त्यांनी कीर्ती मिळविली होतीच. परंतु आपल्याच तोलाच्या गायकाशेजारी उभे राहून, त्याचा मान राखून, मोठ्या कार्यासाठी सूर मिळविणे याला मनाचा मोठेपणा लागतो. तो मोठेपणा केशवरावांनी दाखविला. म्हणूनच त्यांच्या गायनाबरोबर ती एक रात्रही महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली आहे.