पेंटर नावाचा इंजिनिअर

आधीच सांगते, माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायची आणि शाळेत फक्त एका तासापुरती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची जबाबदारी मी मराठी विभागाच्या संपादकांवर सोडून देते.

मे महिन्यात कोल्हापूरला मावशीकडे गेले होते. तिथे एका चौकात चक्क कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. मला वाटलं, एखाद्या फोटो स्टुडिओची जाहिरात असेल! काका खूप हसले. मग त्यांनी बाबूराव पेंटरांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि घरी पोहोचेपर्यंत ते संपलं नाही. चित्रपटवाले म्हणून नाव कानावर होतं, पण या माणसाने कॅमेरा बनवला होता हे मला माहीतच नव्हतं. मी इलेक्ट्रिकल थर्ड इयरला आहे आणि ऐकताना मला थोडी लाज वाटत होती. का, ते पुढे येईलच.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव कारागीर होते, त्यामुळे लाकूड आणि लोखंड यांच्याशी ओळख घरातच झाली. चित्रकलेचं कॉलेज वगैरे काही नाही. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले आनंदराव, दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यात त्यांचं इतकं नाव झालं की आडनाव मागे पडून दोघेही 'पेंटर' झाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना चित्रपटाचं वेड लागलं. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा. तो विलायतेहून यायचा आणि एवढे पैसे कुठून आणणार? म्हणून त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर आणला आणि त्यावरून यंत्र समजून घ्यायला लागले.

इथे जरा थांबते, कारण मला हाच भाग सगळ्यात आवडतो. हँडल फिरवायचा तो कॅमेरा म्हणजे दिसायला लाकडी पेटी. पण आत काय चाललेलं असतं बघा. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, एका फ्रेमला प्रत्येक बाजूला चार. एक आकडा त्या भोकांत शिरतो, फिल्म बरोबर एक फ्रेम खाली ओढतो आणि बाहेर येतो. फिल्म स्थिर झाली की शटर उघडतं, प्रकाश आत येतो, शटर बंद होतं, की पुन्हा आकडा. हे सगळं सेकंदाला साधारण सोळा वेळा! हँडल मात्र एकसारखं गोल फिरतंय आणि फिल्म थांबत-थांबत चालतेय. शटर उघडं असताना फिल्म जराशी जरी सरकली तर चित्र फिसकटलं. प्रोजेक्टरमध्येही हीच ओढ-थांब असते, फक्त प्रकाश आतून बाहेर जातो. म्हणजे तो जुना प्रोजेक्टर हेच त्यांचं टेक्स्टबुक होतं.

काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. मला वाटतं, दुसरा कोणी असता तर परत पडदे रंगवायला लागला असता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या सहकाऱ्याला बरोबर घेऊन कॅमेरा पूर्ण केला. १९१८ मध्ये तो चालू झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये त्याच कॅमेऱ्यावर काढलेला 'सैरंध्री' पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. १९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतात हे पहिल्यांदाच झालं असं मानतात. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी होता. हा विषय आपल्या जालन्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता माझी लाजेची गोष्ट. सेकंड इयरला मोटरच्या प्रॅक्टिकलची रीडिंग्ज मी सिनिअरच्या जर्नलमधून उतरवली होती. व्हायवाला सरांनी विचारलं, थ्री फेज मोटर उलटी कशी फिरवाल? कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या, हे मी झटकन सांगितलं. सरांनी हातात पाना दिला. मला टर्मिनल बॉक्स उघडता येईना.

बाबूरावांकडे असं झालं नसतं. त्यांच्या कंपनीत वर्ग नव्हते, जर्नल नव्हती. पोरगा आला की पडेल ते काम करायचा. पडदे रंगवा, सामान उचला, फिल्म धुवा, जोडा, आणि माणूस कमी पडला तर तोंडाला रंग लावून उभे राहा. व्ही. शांताराम असेच पडेल ते काम करायला आले आणि 'सावकारी पाश'मध्ये शेतकरी झाले. १९२७ मध्ये त्यांच्याकडे 'नेताजी पालकर'चं दिग्दर्शन आलं. म्हणजे शिष्य कंपनीत असतानाच बाबूराव त्यांना मोठं काम देत होते.

पण शिकलेले शिष्य थांबत नाहीत. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींबरोबर 'प्रभात' काढली. बाबूरावांची कंपनी थोड्याच वर्षांत बंद पडली. ज्या दामल्यांनी कॅमेरा पुरा करून दिला तेही गेले, हे वाचून मला बाबूरावांसाठी वाईट वाटलं, आणि शिष्यांचीही चूक म्हणवत नाही. पुढे दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. प्रभातच्या पुण्यातल्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आजही तिथे मुलं कॅमेरा शिकतात. बाबूराव नंतर जास्त करून चित्रं आणि शिल्पं यांत रमले. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले.

पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपचं जवळजवळ ठरलं होतं, संभाजीनगरच्या एका दुकानातून तयार किट आणायचं, रिपोर्टसकट. कोल्हापूरहून आल्यावर मी नाही म्हटलं. दोन दिवस हॉस्टेलवर कोणी माझ्याशी नीट बोललं नाही. शेवटी शेतातल्या पंपाचा स्टार्टर स्वतः बनवायचं ठरलं. भंगारातून एक जुना स्टार्टर आणून खोलून बसलोय. आत्तापर्यंत दोन रिले जळाले आहेत, आणि टर्मिनल बॉक्स मी उघडते.